आठ माणसांची तूट

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. सकाळी ९ वाजून २० मिनिटे.

पेढीच्या माडीवर बसून ऑक्टोबरच्या पट्ट्या तारखेवार लावत होतो. एकोणीस तारखेची एक पट्टी सापडत नव्हती. (नंतर वीस तारखेच्या गठ्ठ्यात सापडली. मागच्या पट्टीला चिकटली होती.) तेवढ्यात हितेशभाऊ वर आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "सुभाष, तुझ्यावर एक काम टाकतोय. कुणाजवळ बोलायचं नाही."

त्या कामासाठी आजपासून ही वही घातली आहे. वही माझी आहे, पेढीची नाही. मी वारूळवाडीचा. दहावीला इंग्रजीत नापास झालो आणि पाच वर्षांपूर्वी नारायणगावात धरमचंद शेठांच्या आडतीवर लागलो. शेतकऱ्याचा टोमॅटो आला की क्रेट किती, भाव काय, तूट किती, हे लिहून त्याची पट्टी करायची. पाच वर्षांत माझ्या पट्टीत एक आकडा चुकलेला नाही.

हितेशभाऊ हे शेठांचे चिरंजीव. त्यांनी एक चित्रपट काढला आहे, एका ढोलकीवाल्याची गोष्ट. शूटिंग उन्हाळ्यात झालं. संगीत आणे गावच्या ऋषीचं आहे, जो आधी तमाशाच्या फडात कीबोर्ड वाजवायचा. हे संगीत आता परदेशात, बुडापेस्ट नावाच्या शहरात, तिथले वादक वाजवणार आहेत. तिकडे कुणीही जाणार नाही. ते तिथल्या हॉलमध्ये वाजवणार, आणि ऋषी इथे पेढीवरच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून त्याच वेळी ऐकणार आणि सूचना देणार.

हितेशभाऊ म्हणाले, "आठ लाखांचा मामला आहे. माल तिकडे, पैसे इकडे. मधे ऋषी एकटा. तो त्या लोकांशी काय बोलतो, मला अर्धं कळत नाही. तू डोळे उघडे ठेव. काही सापडलं की थेट मला सांग. जमलं तर पुढच्या वर्षी तुला खाली क्रेट मोजायला बसवत नाही, ऑफिसात घेतो."

मी हो म्हणालो. माल न बघता पैसे ही गोष्ट मलाही पटलेली नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कराराची प्रत मिळाली. इंग्रजीत आहे. शब्दकोश घेऊन दुपारी एक ते पावणेचार वाचली. मुद्दे असे: वादक बेचाळीस. पहिल्या दिवशी तीन तास, दुसऱ्या दिवशी दोन. माणशी तासाला अठ्ठावीस युरो. शिवाय हॉल, ध्वनिमुद्रण करणारा आणि काठी हलवून वादकांना चालवणारा एक जण. निम्मे पैसे ऑक्टोबरात गेले, निम्मे दुसऱ्या दिवसाच्या आधी पोचले पाहिजेत.

संशय येण्यासारख्या दोन गोष्टी. एक, दर तासाला दहा मिनिटं सुट्टी, आणि तीही पगारी. दोन, शेवटी एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ती शांतता मुद्रित करायची. हे मी पेढीच्या मुकादमाला, गेणभाऊंना, वाचून दाखवलं. (करार दाखवला नाही, फक्त तेवढं वाक्य सांगितलं.)

गेणभाऊ क्रेटवर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "गप बसायचं बी पैसं? मंग आमची हमालांची चाळीस वर्साची थकबाकी काढा की राव. शेठम्होरं आमी कवा बोललोय?"

संध्याकाळी ऋषी ऑफिसात आला. माझ्यापुढे शब्दकोश पाहून म्हणाला, "सुभाषराव, करार वाचताय व्हय? काय अडलं तर इचारा मला."

काही अडलं नाही, असं मी सांगितलं. न विचारता मदत करायला येणारा माणूस मी बाजारात पुष्कळ पाहिला आहे. खालच्या थरात सडका माल असलेला शेतकरीच स्वतःहून वरचा क्रेट उघडून दाखवतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ऋषी काल आणि आज, लागोपाठ दोन दिवस, मोटरसायकलवरून मंचरला गेला. आज मी एसटीने मागोमाग गेलो. गल्ल्या शोधत फिरलो तेव्हा एका पत्र्याच्या घराबाहेर त्याची गाडी दिसली. मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. अकरा वाजून पाच मिनिटांनी तो बाहेर आला. दारात एका म्हाताऱ्या बाईच्या हातात त्याने जाड पाकीट दिलं. ती नको म्हणत होती, त्याने तिची मूठ बंद केली आणि गेला.

मी उठणार तोच ती बाई रस्ता ओलांडून माझ्याकडेच आली. "का रं, पोलिस हाईस का? मगाधरनं एकच चहा पितोयस. निवला न्हाई का त्यो?"

मी पोलीस नसल्याचं आणि नारायणगावला शेठांकडे असल्याचं सांगितलं. खोटं बोलायला सुचलं नाही.

"मंग घरात ये की. टपरीचा चहा कशाला, निस्तं पाणी असतंय."

त्या सारजाबाई. बहात्तर वर्षांच्या. तमाशात गायच्या, चाळीस वर्षं. चित्रपटाच्या शेवटच्या गाण्यात त्यांचा आवाज आहे, तो सप्टेंबरात ऋषीने टिपून घेतला. घरात एक पलंग, एक कपाट आणि भिंतीला टांगलेली चाळांची जोडी. पाकीट पलंगावरच पडलं होतं. किती आहेत, असं मी विचारलं.

"अठरा हजार. ह्येच्या गाठीचं दिलं प्वारानं. हितेशशेठनं साडी दिली मला गाण्याची. साडी चांगलीय, न्हाई म्हनत न्हाई मी. पर साडी शिजवून खाता येत न्हाई." मग हसून म्हणाल्या, "ऋषी म्हनतो, माझ्यामागं बेचाळीस गोरी मान्सं वाजीवणार. खरं हाय का रं? का म्हातारीची चेष्टा?"

करारात तसं लिहिलं आहे, एवढंच मी सांगितलं.

परत येताना विचार केला. एक, सारजाबाईंचे अठरा हजार बजेटमध्ये कुठेही नाहीत. दोन, कुणी आपल्या खिशातून अठरा हजार सहज देत नाही. तीन, मी टपरीवर आहे हे ऋषीने पाहिलं असेल, तर बाईंना काय बोलायचं ते आधीच पढवलेलं असू शकतं. हितेशभाऊंना फोनवर कळवलं की ऋषीने मंचरला अठरा हजार रोख दिले.

ते म्हणाले, "बघ! आला कुठून पैसा?" आवाजात आनंद होता. माझं काम त्यांना पसंत पडलं असावं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज पहिला दिवस. इथले अडीच म्हणजे तिथले सकाळचे दहा. दोन वाजल्यापासून ऑफिसात होतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाकडी भिंतींचा मोठा हॉल. खुर्च्यांवर माणसं येऊन बसू लागली. सूटबूट नाही. कुणी स्वेटरमध्ये, कुणी जीन्समध्ये, एका व्हायोलिनवाल्या बाईने बूट काढून खुर्चीखाली ठेवले. तिकडचं काम बघणारी एस्तेर नावाची बाई कॅमेऱ्यात तोंड घालून "नारायणगाव, गुड मॉर्निंग" म्हणाली. गेणभाऊ मागे उभे होते. ते पडद्याला "राम राम पावणं" म्हणाले.

हितेशभाऊ एक फोटोवाला घेऊन आले. पडद्यासमोर उभं राहून त्यांनी वीस मिनिटं व्हिडिओ काढून घेतला, कानाला हेडफोन, हात हवेत. व्हिडिओ झाल्यावर गेले. संगीत ऐकायला थांबले नाहीत. त्यांना पुण्याला काम होतं.

मी मोजणी केली. पहिल्यांदा चौतीस. माणसं हलतात म्हणून पुन्हा मोजली, डावीकडून उजवीकडे. चौतीस. सुट्टी होऊन सगळे परत बसल्यावर तिसऱ्यांदा, उजवीकडून डावीकडे. चौतीस. करारात बेचाळीस आहेत.

आणखी तीन गोष्टी टिपल्या.

काठीवाल्याची काठी खाली येते आणि आवाज किंचित मागून येतो. बाहेरून आवाज भरलेला असला तरच असं होऊ शकतं.

बासरीसारखा आणि मोठ्या भोंग्यासारखा आवाज येत होता. पण पडद्यावर फुंकणारा एकही माणूस नाही. सगळे घासून वाजवणारे. मग फुंकलेला आवाज कुठून आला? यंत्रातून काढला, दुसरं काय.

ऋषी मध्येच एस्तेरशी "बूथ, बूथ" असं घाईने बोलत होता. कसला बूथ ते कळलं नाही. मला कळू नये म्हणूनच इतकं भरभर बोलत असावा.

त्याचं वागणंही विचित्र होतं. तीन तासांत पाणी प्यायला नाही. एका तुकड्याला त्याने सात वेळा पुन्हा वाजवायला लावलं. सातव्या वेळी डोळे पुसले आणि डोळ्यात कचरा गेला म्हणाला. ऑफिसचं दार बंद होतं, पंखाही चालू नव्हता. शेवटी ते एक मिनिट शांततेचं झालं. पडद्यावर चौतीस माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती. इकडे आम्हीही गप्प. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला तसे गेणभाऊ तोंडावर बोट ठेवून खिडकीकडे धावले, जणू तो हॉर्न तिकडे ऐकू जाणार होता.

ऋषीला काहीही विचारलं नाही. विचारलं तर तो सावध होईल.

बुधवार, १२ नोव्हेंबर

हितेशभाऊंना सकाळीच मोजणी सांगितली. करारात बेचाळीस, हजर चौतीस, तूट आठ. ते खुर्चीत मागे रेलले. "आठ! पक्कं?"

"तीन वेळा मोजले, भाऊ."

"मग तुझ्या हिशोबाने कर."

आमच्या पेढीची रीत सरळ आहे. चिठ्ठीवर बेचाळीस क्रेट असले आणि गाडीतून चौतीस उतरले, तर पट्टी चौतीसची. शेतकऱ्याला भांडायचं असेल तर त्याने मागून भांडावं. त्याच रीतीने केलं. आठ माणसं, पाच तास, अठ्ठावीस युरो, एकूण अकराशे वीस. उरलेल्या तीन हजार आठशे नव्वद युरोतून ते कापले आणि दोन हजार सातशे सत्तर पाठवले. बँकेत परदेशी पैशांचा फॉर्म भरायला दीड तास गेला. एकदाही खाडाखोड झाली नाही. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, अक्षर छान आहे.

दुपारी हितेशभाऊंनी पोस्टरची प्रत तपासायला दिली. 'ध्वनिमुद्रण'मधला उकार दीर्घ झाला होता, तो दुरुस्त केला. मोठ्या अक्षरांत होतं: बेचाळीस विदेशी वादकांच्या संगीतासह. मी म्हणालो, "भाऊ, इथं चौतीस करायचे ना?"

"बेचाळीसच राहू दे."

जाहिरातीत तसं चालत असावं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुसरा दिवस. आज सारजाबाईंचं गाणं व्हायचं होतं. अडीच वाजता पडदा लागला. हॉल दिसला. खुर्च्या होत्या, माणसं नव्हती. एक माणूस झाडत होता.

"म्हनलं नव्हतं?" गेणभाऊ म्हणाले. त्यांनी असं काहीच म्हटलेलं नव्हतं.

ऋषीने घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. दोन चाळीसला एस्तेर कॅमेऱ्यासमोर आली. हसली नाही. ती बोलत गेली तसतसा ऋषी पुढे वाकत गेला. हेडफोन काढून म्हणाला, "पैसं कमी आलं म्हनती. अकराशे ईस युरो. काल दोनदा मेल केला म्हनती हितेशभाऊंना. उत्तर नाय. म्हणून मान्सं सोडून दिली." मग माझ्याकडे वळला. "बँकेत तुमी गेलता ना?"

मी उत्तर देण्याआधी हितेशभाऊ आत आले. मला वाटलं, काम बुडालं म्हणून ते संतापतील. ते शांत होते. गेणभाऊंदेखत म्हणाले, "ऋषी, बेचाळीस लिहिलेस आणि चौतीस आणलेस. आठ जणांचे पैसे कुणाच्या खिशात गेले? मंचरला पाकिटं वाटतोस, ती त्यातली का?"

ऋषी म्हणाला, "कोन म्हनलं आठ कमी व्हते?"

"हिशोब म्हणतो."

माझी वही टेबलावर उघडी होती. ऋषीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"गाणं राहू दे," हितेशभाऊ म्हणाले. "कीबोर्डवर करू किंवा काढून टाकू, पिक्चर तसाही लांबलाय. आणि तुझे राहिलेले दीड लाख आता विसर. पोलिसात जात नाही हे माझे उपकार समज."

ऋषीने लॅपटॉप पिशवीत घातला. दारात थांबून म्हणाला, "म्हातारीला काय सांगू ते तरी सांगा." हितेशभाऊंनी मोबाइल काढला. तो गेला.

हितेशभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटायला हवं होतं. गेणभाऊ जिना उतरताना पुटपुटले, "चोर आसता तर चार शिव्या दिऊन ग्येला आसता."

शनिवार, १५ नोव्हेंबर

कामात लक्ष नाही. एका पट्टीत क्रेटचा आकडा भावाच्या रकान्यात लिहिला. शेतकऱ्याने दाखवून दिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

एक गोष्ट जुळत नाही. मेल दोनदा आला होता. हितेशभाऊंनी तो वाचला असणार, ते मेल तासातासाला बघतात. मग काल सकाळी उरलेले पैसे का भरले नाहीत? किंवा निदान भांडायला एस्तेरला फोन का केला नाही? तूट कापल्यावर समोरचा बोलला, तर आपणही बोलतो. गप्प कोण बसतं?

कदाचित मेल दिसला नसेल.

रविवार, १६ नोव्हेंबर

गेणभाऊंची मोटरसायकल मागून घेतली आणि आण्याला गेलो. ऋषीला उघडं पाडण्यासाठी निघालो की दुसऱ्या कशासाठी, हे घाट चढेपर्यंत मलाच ठरवता आलं नाही.

त्याचे वडील अंगणात हुलगे झोडपत होते. ऋषी ओट्यावर बसला होता. मला पाहून उठला नाही. "या, हिशोबनीस. घरातली मान्सं मोजायला आलाव का? तीन हाईत. एक म्हस. ती गाभण हाय, म्हंजी साडेतीन धरा की चार, तुमच्या रीतीप्रमाणं."

मी उभा राहिलो. पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मी तीन वेळा मोजले. चौतीस होते."

तो उठला. मग आत जाऊन लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन आला. एस्तेरने पहिल्या दिवसाचं कच्चं मुद्रण तपासायला पाठवलं होतं. पडद्यावर खूप आडव्या रेघा. त्यातल्या आठ सोडून त्याने बाकीच्या बंद केल्या.

"परत्येकाचा माइक येगळा आसतो. मी एक एक लावतो. घ्या मोजून."

पहिला. आधी काही नाही, मग नाकातून बारीक श्वास, मग बासरी. दुसरा वाजवण्याआधी घसा खाकरतो. तिसऱ्याची खुर्ची कुरकुरते. चौथ्याने पान उलटलं. पाचवी बाई असावी, सूर संपल्यावर हलकेच काहीतरी पुटपुटली. सहावा पायाने ठेका धरतो. सातवा भोंगेवाला, तो वाजवून झाल्यावर भोंग्यातलं पाणी फुंकून काढतो. आठवा इतका मोठा श्वास घेतो की मी हेडफोन कानापासून दूर धरले. शेवटी तो हसला आणि तिसऱ्याने त्याला उत्तर दिलं.

मी पुन्हा लावायला सांगितलं. त्याने लावलं. आठ. मग उलट्या क्रमाने. आठ. यंत्र श्वास घेत नाही आणि घसा खाकरत नाही.

"मग पडद्यावर का दिसले नाहीत?"

"काचंच्या खोलीत बसवत्यात. ह्यांचा आवाज लई मोठा, व्हायोलिनच्या माइकात शिरतो. त्या खोलीला बूथ म्हनत्यात. मी दिवसभर बूथ बूथ वरडत व्हतो, तुमी शेजारीच व्हता."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

मी हेडफोन काढून ओट्यावर ठेवले.

त्याची आई आमटी-भाकरी घेऊन आली. मी नको म्हणालो, तर तिने ताट माझ्यापुढेच ठेवलं. ऋषी म्हणाला, "खावा. तूट न्हाई त्यात." मी जेवलो. तिखट होतं.

निघताना तो म्हणाला, "बाकी समदं झालंय. तेवढं एकच गाणं ऱ्हायलंय. काल मंचरला जाऊन सांगून आलो. म्हनली, 'जाऊ दे रं, मला खोटंच वाटलं व्हतं.'"

सोमवार, १७ नोव्हेंबर

हितेशभाऊंना सकाळी सांगितलं, आठ आहेत, मी ऐकले. ते मोबाइलवर पोस्टर बघत होते. "असतील. आता काय करायचं? विषय संपला."

"भाऊ, मग ऋषीचे दीड लाख?"

"सुभाष, तू ऑफिसात बसणार आहेस ना?"

यावर मी खाली आलो. मग अर्धा तास कोऱ्या पट्ट्या मोजल्या. दोनशे अकरा होत्या.

साडेदहाला धरमचंद शेठ गादीवर येऊन बसले. चित्रपटात ते लक्ष घालत नाहीत, पैसे मात्र पेढीच्याच खात्यातून गेले आहेत. मी समोर उभा राहून सगळं सांगितलं. मोजणी, कापणी, बूथ, आठ श्वास. मधे एकदाही त्यांनी अडवलं नाही. बडीशेप चघळत होते.

"कापण्याआधी ऋषीला विचारलंस?"

"नाही शेठ."

"का?"

"चोराला विचारलं तर तो सावध होतो म्हणून."

"चोर होता का?"

"नाही."

"शेतकऱ्याचे आठ क्रेट गाडीतच राहिले, आपण बघितलेच नाहीत आणि पट्टी कमी केली. मग?"

"पट्टी पूर्ण करून द्यायची."

"आणि उशिराचं नुकसान?"

"लिहिणाऱ्याच्या नावे, शेठ."

"मग लिही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आठ जणांचे पैसे पेढीचे, ते आजच गेले पाहिजेत. पार्टीचा पैसा आधी पूर्ण, भांडण मागून. नवी तारीख मिळेल त्याचा जादा खर्च तुझा." थोडं थांबून विचारलं, "हितेशला माहीत होतं?"

"'तुझ्या हिशोबाने कर' म्हणाले होते."

शेठांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी बँकेत गेलो. दीड लाखांबद्दल बोलायचं राहून गेलं. राहून गेलं असं लिहिलं, पण खरं म्हणजे धीर झाला नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मी ऋषीला फोन केला, त्याने एस्तेरशी बोलून आजची नवी तारीख घेतली. हितेशभाऊ रविवारपासून मुंबईला आहेत. माझ्याशी बोलत नाहीत.

सारजाबाई मंचरहून एसटीने आल्या. ऋषी त्यांना स्टँडवर घ्यायला गेला होता. त्या हितेशभाऊंनी दिलेली साडी नेसून आल्या होत्या. जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसल्या आणि पडदा पाहून म्हणाल्या, "आगं बया. ही समदी माझ्यासाठी?"

गेणभाऊ म्हणाले, "तर काय! राहुटीत तुमच्यामागं किती आसायची?"

"ढोलकी, पेटी, तुणतुणं आन एक पिणारा." मग बारकाईने पाहून, "ही बसून वाजीवत्यात व्हय? उभं ऱ्हायला सांग की ऋषी. बसल्यावर जोर कुठनं येणार?"

ऋषीने सांगितलं नाही. मी त्याला हळूच विचारलं, "ती काचेची खोली दाखवतील का?" त्याने एस्तेरला सांगितलं. तिने कॅमेरा फिरवला. काचेमागे आठ. बासरीवाला पहिला, मोठा भोंगेवाला कोपऱ्यात. त्यांनी हात हलवला. मी आठही जणांची नावं मागून घेतली, चित्रपटाच्या नामावलीत घालण्यासाठी. तिसऱ्याचं आणि आठव्याचं नाव सारखंच निघालं. मला लगेच शंका आली, एकच माणूस दोनदा लावला. या वेळी विचारलं. बापलेक आहेत, दोघांचं नाव एकच.

गाणं सुरू झालं. आधी सारजाबाईंचा एकटीचा आवाज, सप्टेंबरात टिपलेला, खरखरीत. मग मागून ते बेचाळीस आले. पहिल्यांदा फार मोठ्याने आले, आवाज बुडाला. ऋषीने थांबवलं. दुसऱ्यांदा मागे पडले. तिसऱ्यांदा काठीवाल्याने काहीतरी विचारलं आणि ऋषीला सांगता येईना. सारजाबाई खुर्चीतून उठल्या. "आरं, मी सूर सोडते तिथं त्यांनी धरायचा. मी गातीया तवर निस्तं मागं ऱ्हायचं, नवरीमागं करवली ऱ्हाते तसं." आणि पडद्यासमोर उभं राहून त्यांनी ती ओळ गाऊन दाखवली, हाताने इशारा करत. तिकडचा काठीवाला मान हलवत राहिला. ऋषीने काहीच भाषांतर केलं नाही.

वेळ संपायला नऊ मिनिटं राहिली होती. चौथ्यांदा वाजवलं. मी घड्याळ आणि काचेची खोली दोन्हीवर लक्ष ठेवून होतो. आठही जण वाजवत होते. गाणं संपलं. तिकडच्या वादकांनी व्हायोलिनच्या काठ्या स्टँडवर हळूहळू आपटायला सुरुवात केली. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. ऋषी म्हणाला, "टाळ्या हाईत त्या. बाईंसाठी."

सारजाबाईंनी पडद्याकडे पाहून पदर सारखा केला, वाकून मुजरा केला आणि म्हणाल्या, "आता पिक्चरात ठेवतील ना रं? का परत न्हाई म्हनतील?"

ऋषीने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज सगळा हिशोब लावला. ऋषीचा वेगळा करारही वाचला: मानधन चार लाख, पैकी अडीच लाख पोचले. हा करार हितेशभाऊंच्या कपाटात असतो. पेढीच्या वहीत ऋषीच्या नावे काहीच देणं दाखवलेलं नाही. पेढीवर वहीत नसलेली रक्कम म्हणजे नसलेलीच रक्कम. आणि वहीत चढलेली रक्कम शेठ दुसऱ्या महिन्यापर्यंत ठेवत नाहीत, मग ती कुणाचीही असो.

खर्च झाला:
वादक, हॉल आणि मुद्रण, पूर्ण: ७,७८० युरो. एकशे तीनच्या भावाने रु. ८,०१,३४०.
नव्या तारखेचा आकार: ३०० युरो. रु. ३०,९००.
बँकेचा दुसऱ्यांदा आकार: रु. १,७७०.
सारजाबाईंना: साडी एक, रु. १,४५०.

देणे:
मी पेढीला, वरच्यापैकी नवी तारीख आणि बँक मिळून रु. ३२,६७०. बारा महिने अडीच हजार, तेराव्या महिन्यात २,६७०. पगारातून.
पेढीने ऋषीला, मानधनाची बाकी रु. १,५०,०००.
पेढीने ऋषीला, त्याने सारजाबाईंना गाण्याबद्दल पदरचे दिले ते रु. १८,०००.

शेवटच्या दोन रकमा मी आज चार वाजता पेढीच्या वहीत चढवल्या. तारीख, नाव, गाव आणि कारण लिहिलं. खाली सही केली, म्हणजे कुणी लिहिलं हे विचारावं लागणार नाही.

शेठ दिवस मावळण्याआधी जेवतात. जेवायला उठण्याआधी, साडेपाचला, रोज वही पाहतात. आता पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत.